नळाचे कठीण पाणी आणि घरगुती उपकरणे : एका दुर्लक्षित खर्चाचा विचार

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाण्याच्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. पाणी पुरेसे आहे काय, हे पहिले अंग. ते पिण्यास निर्धोक आहे काय, हे दुसरे. या दोन्ही कसोट्यांना उतरलेले पाणीही घरात आल्यावर गीझरचा तापक जाळते, धुलाई यंत्राच्या झडपा अडवते आणि साबणाचा खर्च वाढवते, या वस्तुस्थितीकडे मात्र धोरणकर्त्यांचे आणि ग्राहकांचेही लक्ष क्वचितच जाते. पाण्यातील विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा हा गुणधर्म म्हणजे पाण्याचा कठीणपणा. शालेय पुस्तकांत अशा पाण्यास 'दुष्फेन' असे अर्थपूर्ण नाव आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते दुष्फेन. बोलीभाषेत त्याला 'जड पाणी' असेही म्हटले जाते. परंतु अणुभट्टीत वापरले जाणारे ड्युटेरियमयुक्त जड पाणी सर्वस्वी वेगळे असल्याने परीक्षार्थींनी या दोन संज्ञांची गल्लत टाळली पाहिजे.

कठीणपणा येतो कोठून?

पावसाचे पाणी मुळात मृदू असते. जमिनीवर पडताना व मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल चुनखडीसारख्या, पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या पदार्थाचे विद्राव्य बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करते. पाणी भूगर्भात जितका अधिक काळ राहते, तितके अधिक क्षार ते आपल्यात सामावून घेते. म्हणूनच एकाच राज्यात, किंबहुना एकाच शहरात, धरणाचे पाणी मृदू आणि विंधन विहिरीचे पाणी कठीण असू शकते. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मुंबईला मिळणारे पाणी मृदू आहे; मराठवाड्यातील अनेक विंधन विहिरींच्या पाण्यात मात्र साबणाला फेस आणण्यासाठी कष्ट पडतात.

कठीणपणाचे दोन प्रकार मानले जातात. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा पाणी उकळल्यावर जातो. म्हणून तो तात्पुरता. याच धातूंच्या सल्फेट व क्लोराइडमुळे येणारा कठीणपणा उकळून जात नाही. म्हणून तो स्थायी. उपकरणांच्या दृष्टीने यातील 'तात्पुरता' हा शब्द फसवा आहे. उकळल्यावर कठीणपणा जातो याचा अर्थ तो नाहीसा होतो असा नाही. बायकार्बोनेटचे विघटन होऊन अविद्राव्य कार्बोनेटचा पांढरा थर भांड्याच्या किंवा तापकाच्या पृष्ठभागावर बसतो. पाण्यातून क्षार गेले, ते गीझरमध्ये मुक्कामास राहिले! साखर वा मीठ तापमानाबरोबर अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता मात्र तापमान वाढते तशी घटते. त्यामुळे थर नेमका सर्वांत उष्ण ठिकाणी, म्हणजे तापकावरच, प्रथम व सर्वाधिक जमतो.

मानके आणि मापन

कठीणपणा प्रतिलिटर मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या एककात व्यक्त करतात. प्रचलित वर्गीकरणानुसार ६० पर्यंतचे पाणी मृदू, ६१ ते १२० मध्यम कठीण, १२१ ते १८० कठीण आणि त्यापुढील अतिशय कठीण होय. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकाने एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम ठेवली असून, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते, अशी तरतूद केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याधारित मर्यादा निश्चित केलेली नाही. कठीण पाण्यानेच मूतखडा होतो, हा समज सर्वदूर आढळत असला तरी तो संशोधनाने सिद्ध झालेला नाही. उलट कॅल्शियम व मॅग्नेशियम ही शरीरास आवश्यक खनिजे आहेत.

या दोन बाबी एकत्र वाचल्या की विषयाचे मर्म ध्यानी येते. ५०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी पर्यायाअभावी पिण्यास मान्य ठरू शकते. तेच पाणी गीझरला मात्र मानवत नाही. पेयजलाचे मानक माणसाच्या आरोग्यासाठी आहे. नळाचे पाणी ज्या इतर कामांसाठी वापरले जाते, त्यांचा विचार करणे हे त्याचे प्रयोजन नाही.

प्रयोगशाळेत कठीणपणा ईडीटीए या संयुगाच्या अनुमापनाने मोजतात. द्रावणाचा सामू १० च्या आसपास ठेवून एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला जातो. रंग द्राक्षासवी लालवरून निळा झाला की अंतिम बिंदू गाठला गेला असे समजतात. बाजारात मिळणारा टीडीएस मापक कठीणपणा मोजत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून एकूण विद्राव्य घन पदार्थांचा अंदाज देतो. हे पदार्थ मिठाचे आहेत की चुन्याचे, हे त्याला कळत नाही.

उपकरणांवर होणारे परिणाम

एका साध्या गणिताने प्रश्नाचे आकारमान लक्षात येईल. एखाद्या कुटुंबाच्या गीझरमधून दररोज १०० लिटर पाणी जाते आणि त्याचा कठीणपणा ४०० मिलिग्रॅम आहे, असे गृहीत धरू. रोज ४० ग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी सुमारे साडेचौदा किलो कॅल्शियम कार्बोनेटइतके क्षार त्या गीझरमधून प्रवास करतात. त्यातील केवळ एक टक्का आत साचला तरी वर्षात दीडशे ग्रॅमच्या घरात थर जमेल.

हा थर उष्णतेचा मंदवाहक असतो. तांब्याची उष्णतावाहकता त्याच्या शेकडो पट अधिक आहे. येथे एक तांत्रिक भेद समजून घ्यावा लागतो. गॅसवरच्या गीझरमध्ये किंवा बाष्पकात ज्योत एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला असते. मधल्या थरामुळे पाण्यापर्यंत न पोहोचलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि इंधन वाया जाते. विजेच्या गीझरमध्ये तापक पाण्यात बुडालेला असतो. त्याची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच उतरते. त्यामुळे वीजबिलात होणारी वाढ जाहिरातींतून सांगितली जाते तितकी मोठी नसते. खरी हानी वेगळीच आहे. उष्णता बाहेर पडण्यास अडथळा आल्याने तापकाचे स्वतःचे तापमान वाढत जाते, त्याचे धातूचे आवरण तडकते आणि तो मुदतीआधीच जळतो. थराचे तुटलेले कपचे तळाशी साचून टाकीतील पाण्याची जागा व्यापतात आणि तापमान नियंत्रकाच्या कामात व्यत्यय येतो.

गीझरवरील तारांकन पाहून ग्राहक निश्चिंत होतो. परंतु ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे हे तारांकन साठवणीच्या गीझरमधील गरम पाण्याची उष्णता किती कमी वाया जाते, यावर आधारलेले आहे. त्यात पाण्याच्या कठीणपणाचा विचार नाही. शिवाय क्षारांमुळे झालेला बिघाड अनेक उत्पादकांच्या हमीपत्रांतून वगळलेला असतो. हप्त्यांवर घेतलेला गीझर हप्ते फिटण्यापूर्वीच नादुरुस्त झाला, तर त्याचा भुर्दंड सर्वस्वी त्या कुटुंबावर पडतो.

धुलाई यंत्राचे दुखणे दुहेरी आहे. पाणी तापवणाऱ्या यंत्रातील तापकावर थर बसतो, तसेच पाणी आत घेणाऱ्या झडपेची जाळी तुंबते. त्याहून मोठा खर्च साबणाचा असतो. साबणातील स्टिअरेटचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि सर्व कॅल्शियम अशा रीतीने संपेपर्यंत फेस येत नाही. ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या १५ लिटरच्या बादलीत, रासायनिक हिशेबाने, सुमारे २७ ग्रॅम साबण कपड्यांचा मळ काढण्यापूर्वीच खर्ची पडतो. संश्लेषित अपमार्जकांमुळे असा साका होत नाही. तथापि त्यांचीही कार्यक्षमता कठीण पाण्यात घटत असल्याने धुण्याचा सोडा, झिओलाइट किंवा फॉस्फेट यांसारखे पाणी मृदू करणारे घटक त्यांत मिसळावे लागतात. यांपैकी फॉस्फेट सांडपाण्यावाटे तलावांत पोहोचून शेवाळ व जलपर्णीच्या बेसुमार वाढीस हातभार लावते. घरातील कठीण पाण्याचा परिणाम असा गावाच्या तळ्यापर्यंत जातो.

इतर उपकरणांची उदाहरणेही बोलकी आहेत. हवेच्या कूलरमध्ये पाण्याचे बाष्प होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. टाकीत रोज नवे पाणी ओतले जात असल्याने त्यांचे प्रमाण चढत जाते आणि पडद्या कडक होऊन हवेचा मार्ग अडवतात. वाफेच्या इस्त्रीची छिद्रे, नाहणीतील फवाऱ्याची तोंडे, सौर जलतापकाच्या बारीक तांब्याच्या नळ्या यांचीही हीच गत होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचे पाणी न घालता ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, या सूचनेमागेही पाण्यातील क्षार हेच कारण आहे. स्वयंपाकघरात तर या गुणधर्माची ओळख पिढ्यान्‌पिढ्या आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही तक्रार जुनीच आहे. कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिनला घट्ट करते, हे त्याचे कारण. चिमूटभर खाण्याचा सोडा हा त्यावरचा अनुभवसिद्ध उपाय.

बंगळूरचे उदाहरण

एकाच शहरातील दोन प्रकारच्या पाण्याचा परिणाम समजून घेण्यास बंगळूर हे उत्तम उदाहरण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराजवळ मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. कावेरी योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये कार्यान्वित झाला. शहराची वाढ मात्र जलवाहिन्यांच्या पुढे धावत राहिली. २००७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या ११० गावांच्या परिसरात बहुमजली वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांची भिस्त दीर्घकाळ विंधन विहिरींवर व टँकरवर राहिली. ग्रॅनाइट व नाईस या कठीण खडकांच्या भेगांतून येणारे हे खोल भूजल कावेरीच्या पाण्यापेक्षा बरेच कठीण असते.

परिणामी तेथील अनेक वसाहतींनी स्वतःची मृदूकरण संयंत्रे बसवली. त्यांत रेझिनच्या बारीक मण्यांतून पाणी सोडले जाते. मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम देतात. रेझिनची क्षमता संपली की मिठाच्या संपृक्त द्रावणाने ते पुनरुज्जीवित करावे लागते. उपकरणे वाचतात, हे खरे. परंतु मिठाचे हे निचरापाणी जाते कोठे, हा प्रश्न उरतो. ते वसाहतीच्या सांडपाण्यात मिसळले आणि प्रक्रिया केलेले तेच पाणी बागेला दिले गेले, तर जमिनीत सोडियम साचून मातीची घडण बिघडते. जैविक सांडपाणी प्रक्रियेने विरघळलेले मीठ निघत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेचा कावेरीचा पाचवा टप्पा या ११० गावांसाठी सुरू झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई अनुभवली होती. नदीच्या पाण्याचे महत्त्व केवळ परिमाणापुरते नाही. ते आले की विंधन विहिरीच्या पाण्याचा कठीणपणाही मिश्रणाने सौम्य होतो. मात्र शेकडो मीटर उंचीवर पाणी चढवण्यास लागणारी वीज ही त्याची किंमत आहे. म्हणजेच कठीणपणाचा खर्च कोणत्या ना कोणत्या रूपाने द्यावाच लागतो. तो कोण देतो आणि किती विचारपूर्वक देतो, एवढाच प्रश्न असतो.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

कठीणपणा दूर करण्याचे शास्त्र जुने आहे. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याच्या साहाय्याने तात्पुरता कठीणपणा घालवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पाण्यात मोजून चुना टाकल्यास बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. स्थायी कठीणपणासाठी धुण्याचा सोडा वापरतात. १९३५ मध्ये अ‍ॅडम्स व होम्स या ब्रिटिश संशोधकांनी संश्लेषित आयन-विनिमय रेझिन विकसित केले. आजची मृदूकरण यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

या पद्धतीने कठीणपणा जातो, पण एकूण विद्राव्य घन पदार्थ कमी होत नाहीत. क्षारांची अदलाबदल तेवढी होते. ३०० मिलिग्रॅम कठीणपणा पूर्णपणे काढल्यास प्रतिलिटर सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरते. म्हणून मीठ कमी खाण्याचा वैद्यकीय सल्ला असणाऱ्यांनी पिण्यासाठी असे पाणी टाळणे श्रेयस्कर. नळीला चुंबक लावून कठीणपणा घालवण्याचे दावे केले जातात. त्यांना सातत्यपूर्ण प्रायोगिक आधार मिळालेला नाही.

सर्वाधिक प्रचार झाला तो आरओ, म्हणजे व्युत्क्रमी परासरणाच्या शुद्धीकरण यंत्रांचा. ही यंत्रे कठीणपणा व क्षार दोन्ही कमी करतात. मात्र एक लिटर पाणी मिळवताना साधारणतः दोन ते तीन लिटर पाणी वाया जाते. एकूण विद्राव्य घन पदार्थ ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओचा वापर रोखावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते. त्यानंतर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जलशुद्धीकरण यंत्रणांच्या वापराविषयीचे नियम अधिसूचित केले.

येथे एक विसंगती ठळकपणे दिसते. स्वयंपाकघरातील आरओ दिवसाला जे दहा-वीस लिटर पाणी मृदू करतो, ते पिण्याचे असते. म्हणजे जेथे कठीणपणाने सर्वांत कमी अपाय होतो, त्या पाण्यावर सर्वाधिक खर्च होतो. जे शेकडो लिटर पाणी गीझर, धुलाई यंत्र व न्हाणीघरात जाते आणि खरी हानी करते, ते जसेच्या तसे राहते. रोगाचे निदान न करता औषध घेण्याचाच हा प्रकार होय. फ्लोराइड, आर्सेनिक वा अतिरिक्त क्षार असतील तेथे आरओची उपयुक्तता निर्विवाद आहे. केवळ भांड्यावर पांढरे डाग पडतात म्हणून तो घेणे मात्र अविचाराचे ठरते.

सर्वसामान्य कुटुंबासाठी पहिला उपाय म्हणजे पाण्याची तपासणी. त्यानंतर गीझरचे तापमान गरजेपुरतेच ठेवणे, वर्षातून एकदा टाकी उघडून थर काढून घेणे आणि तिच्यातील मॅग्नेशियमची संरक्षक कांडी तपासणे, या गोष्टी अल्प खर्चात होतात. किटलीसारख्या लहान उपकरणांतील थर लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या द्रावणाने विरघळतो. पावसाचे पाणी साठवून कपडे धुण्यास वापरणे हा त्याहून सोपा मार्ग. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. भूजलात मृदू पाण्याची भर पडली की पातळीबरोबर त्याची गुणवत्ताही सुधारते. पाणी अतिमृदू करणेही मात्र हिताचे नाही. क्षारहीन पाणी नळांचा धातू खाते. म्हणून समुद्राचे पाणी गोडे केल्यानंतर त्यात चुन्यासारखी खनिजे पुन्हा मिसळावी लागतात.

ग्रामीण नळयोजना आणि पुढील दिशा

हा विषय केवळ महानगरांतील मध्यमवर्गाचा आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे ३.२३ कोटी, म्हणजे १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. २०२४ च्या अखेरीस ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात अभियानाची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. प्रतिमाणशी दररोज ५५ लिटर पाणी, तेही आयएस १०५०० मानकानुसार, हे अभियानाचे उद्दिष्ट आहे. यांतील अनेक योजनांचा स्रोत भूजल आहे. नळाबरोबर घरात कूलर, धुलाई यंत्र, पाणी तापवण्याची कांडी येते आणि पाण्याचा कठीणपणा प्रथमच पैशांच्या रूपात जाणवू लागतो. डोक्यावरचा हंडा उतरल्याने वाचलेले श्रम दुरुस्तीच्या खर्चात वाया जाऊ नयेत, ही अपेक्षा गैर नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. अभियानांतर्गत प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्या संचाने तपासावयाच्या बाबींत कठीणपणाचाही समावेश होतो. त्यातून मिळालेला आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर कोणते उपकरण घ्यावे, किती साबण लागेल, मृदूकरणाची गरज आहे की नाही, हे कुटुंबाला ठरवता येईल. नागरी संस्थांनी पाणीपट्टीच्या देयकावर तो छापणेही अवघड नाही. जेथे कठीणपणा फार आहे तेथे घरोघरी यंत्रे बसवण्यापेक्षा स्रोताजवळ सामूहिक प्रक्रिया करणे, भूजल व पृष्ठजल यांचे मिश्रण करणे आणि निचरापाण्याची व्यवस्था योजनेतच समाविष्ट करणे अधिक किफायतशीर ठरेल. उपकरणांच्या माहितीपत्रकात ते किती कठीणपणाच्या पाण्यासाठी योग्य आहे, याची स्पष्ट नोंद असणे हाही ग्राहकाच्या माहितीच्या अधिकाराचाच भाग होय.

पाणीपुरवठ्याचे यश आजवर जोडण्यांच्या संख्येने आणि लिटरांनी मोजले गेले, व ते स्वाभाविकही होते. ज्या घरात नळच नाही, तेथे कठीणपणाची चर्चा अप्रस्तुत ठरते. परंतु नळ पोहोचल्यानंतर त्यातून येणारे पाणी कोणत्या कामास कितपत योग्य आहे, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. पिण्यासाठी एक, धुण्यासाठी दुसरे आणि तापवण्यासाठी तिसरे, अशी पाण्याची गरजेनुसार विभागणी करून प्रत्येकासाठी नेमकी तेवढीच प्रक्रिया करणे, हे जलव्यवस्थापनातील काटकसरीचे सूत्र आहे. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी २०० आणि ६०० हे आकडे पाठ करावेतच. पण त्या दोन आकड्यांच्या मधोमध ज्या कुटुंबांचा गीझर दर दोन वर्षांनी जळतो, त्यांचाही विचार त्यांच्या टिपणांत असावा.